पाहुण्यांचं पाणी

चैत्र उतरणीला लागला की माझ्या टेबलावर बाटल्या जमायला लागतात. ओरोसला पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी गेली कित्येक वर्षं बसतो. उन्हाळा आल्याचं लोकांना काजूच्या बोंडांच्या वासावरून कळतं, मला बाटल्यांवरून कळतं. थंड पेयाची बाटली, औषधाची बाटली, कितीही धुतली तरी फिनेलचा वास न सोडणारी बाटली. एकदा तर एकाने खोबरेल तेलाच्या बाटलीतून पाणी आणलं आणि वर मलाच विचारलं, की आमच्या पाण्यावर हा तवंग कसला. प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवलेला असतो. गाव, वाडी, विहीर कुणाची, पाणी कधी काढलं. पाणी मात्र सगळ्यांचं सारखंच दिसतं, निवळशंख. पाण्याइतकं खोटं बोलणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, असं मी पूर्वी गमतीत म्हणायचो. आता म्हणत नाही.

बाटली घेऊन येणाऱ्यांना मी चार प्रश्न विचारतो. पाणी कुणी काढलं? कुठल्या विहिरीतून? तुमच्यासमोर काढलं का? आणि घरात रोज पिता ते हेच का? पहिल्या तिन्हींची उत्तरं माणसं सरळ देतात. चौथ्याला त्यांच्या कपाळावर आठी पडते. घरात पितो ते नाही तर काय गटारातलं आणू, असं एक मास्तर मला ऐकवून गेले. माझ्या माघारी मला तिरसट म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. त्या चौथ्या प्रश्नामागे माझी वयनी उभी असते, हे त्यांना कुठे माहीत आहे?

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि आमची आई त्याच्या आदल्याच वर्षी गेलेली. तरी वयनीने मला पहिल्या दिवसापासून 'भावजीनू' म्हटलं, तेही 'तुमी' लावून. चड्डी सावरत शेंबूड पुसणाऱ्या पोराला एवढा मान. शेजारच्या बायका हसायच्या. माझे गुडघे खरवडलेले असायचे आणि ती दगडीपाल्याचा रस लावता लावता म्हणायची, भावजीनू, तुमी झाडार चढा नकात. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, ओरोसला बिऱ्हाड केलं. मान पहिल्यासारखाच राहिला. त्या मानानेच पुढे घात केला.

आमचं घर मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. माडांची एक रांग, मग खारजमिनीचा बंधारा, मग खाडी. परसात विहीर, तिला आम्ही बावच म्हणतो. वयनीचं माहेर बांद्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी. तिकडच्या माणसाला खाडीकाठच्या पाण्याचा भरवसा वाटत नाही. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बावीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलेलं मला आठवतं. डोळे मिटून, जरा वेळ तोंडात धरून. मग म्हणाली, "गोडा आसा." आमच्याकडे गोडं पाणी म्हणजे साखरेसारखं नव्हे. जे खारं नाही ते गोडं. दर्याकाठच्या माणसाला तेवढं पुरतं. त्या दिवशी तिच्या तोंडावर जी निश्चिंती दिसली ती बघून मला उगाचच वाटलं, की ही आता इथे राहणार.

पाणी कसं काढायचं हे तिला आमच्या वडिलांनी शिकवलं. कळशी रहाटावरून सोडायची ती अलगद, पाण्याला टेकली की तिरकी करायची, भरली की लगेच ओढायची. बुडू द्यायची नाही. भिंतीवर आपटायची नाही. बाव ढवळायची नाही. का, ते वडील एका वाक्यात सांगायचे, आणि वयनीने ते वाक्य असं उचललं की पुढे आम्हाला ती ते ऐकवायची: "वरचा आपला, खालचा दर्याचा."

हे वाक्य मी कॉलेजात गेल्यावर पुन्हा शिकलो, पुस्तकी भाषेत. गोडं पाणी हलकं, खारं जड. पावसाचं मुरलेलं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून जास्त उपसलं की खालचं वर चढतं. परीक्षेत ह्यावर प्रश्न आला होता आणि मी सुरेख आकृती काढली होती. नोकरीला लागल्यावर पहिल्या काही पगारांतून मी वयनीसाठी काय केलं असेल? विहिरीवर पंप बसवून दिला. तिचे हात दोराने सोलवटतात हे मला बघवत नव्हतं. पंपाची नळी पार तळाशी सोडली, उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून. आकृती काढणारा मी आणि नळी सोडणारा मी, दोघांची कधी गाठ पडली नाही.

सगळा दोष पंपाचाही नाही. खाडी पूर्वी जिथे थांबायची तिथे आता थांबत नाही, हे आमच्या वाडीतला कुणीही सांगेल. अवसे-पुनवेच्या उधाणाचं पाणी बंधाऱ्याच्या कडेला टेकायचं, ते आता कडेवरून आत डोकावतं. पाऊस पडतो, पण पूर्वी आठ दिवस रिपरिप पडायचा तो आता दोन दिवसांत कोसळून मोकळा होतो. धो धो आलेलं पाणी जमिनीत मुरत नाही, सरळ दर्याला जाऊन मिळतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या धुराड्यांचा, गाड्यांचा, आगगाड्यांचा धूर हवेत साठत राहिला. डोळ्यांना न दिसणारा वायू पांघरुणासारखा ऊब धरून बसला, दर्या तापून फुगला, दूरचं बर्फ वितळून त्यात भर पडली. आणि ह्या एवढ्या मोठ्या उलाढालीचा शेवट कुठे झाला, तर खाडीकाठच्या एका बावीत, एका बाईच्या पेजेच्या टोपात. हे मी कुणाला सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण हिशेब रसायनाचा आहे, तो असाच लागतो.

मी सांगतो आहे तो उन्हाळा काही वर्षांपूर्वीचा. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी बंधारा ओलांडून परसात आलं होतं आणि दोन दिवस तिथेच राहिलं होतं. मग दिवाळी गेली, थंडी गेली, सगळं जागच्या जागी आल्यासारखं दिसलं. मी आधी फोन करून महिन्यातून एखाद्या रविवारी घरी जायचो, सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळच्या बसने परत. पायरीवर चप्पल काढेपर्यंत वयनी गूळ-पाणी घेऊन हजर. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा गडू, मग बाकीची विचारपूस. गुळाचा खडा तोंडात टाकायचा, वर घटाघट पाणी प्यायचं, आणि घामाने चिकटलेला सदरा मोकळा करत खळ्यात, म्हणजे अंगणात, बसायचं. त्या पाण्याची चव अजून माझ्या टाळूला आहे. मडक्यातलं थंडगार, जरासं मातीच्या वासाचं, गोडं.

माजघराच्या कोपऱ्यात दोन मडकी होती. एक मोठं, एक लहान. लहान मडक्यावर पितळी झाकण असायचं आणि त्यातलंच पाणी मला मिळायचं. हे मी दर वेळी बघत होतो. एक जुनं झालं असेल, गळत असेल, असं काहीतरी मी मनाशी धरून चाललो असणार. खरं सांगायचं तर मी काहीच मनाशी धरलं नव्हतं. माणूस स्वतःच्या घरात मडकी मोजत नाही.

आता आठवायला बसलं की त्या उन्हाळ्यात दिसलेल्या गोष्टी एकेक करून पुढे येतात. कळशीच्या काठाला आलेला हिरवट पापुद्रा. न्हाणीघरात साबणाला फेस येत नाही म्हणून दादाने, म्हणजे माझ्या भावाने, दुकानदाराला दिलेल्या शिव्या. चवळी दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही, ही वयनीची तक्रार, आणि हल्लीच्या बियाण्यात राम नाही, हा त्यावर दादाचा निकाल. कडेच्या पोफळींची टोकं करपलेली. ह्यातली एक जरी गोष्ट कुणी परक्याने येऊन माझ्या टेबलासमोर सांगितली असती तर मी डोळे न उघडता म्हटलं असतं, पाण्यात क्षार वाढलेत, तपासून घ्या. घरच्या खळ्यात बसून मी त्यावर आंबा चोखत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आंब्यांचंही सांगायला हवं. आमच्या घरात आंबे उतरवले की त्यांची निवड व्हायची. डाग नसलेले, देठाचे, एकसारखे आंबे पेंढ्यात घालून माझ्यासाठी वेगळे. पडीचे, ठेचलेले, अर्धे कुजलेले घरात खायचे. फणसाचे गरे, कोकमं, तांदूळ, सगळ्याला हाच नियम. घराबाहेर जे जाईल ते घराचं नाव घेऊन जातं, तेव्हा ते चांगलंच गेलं पाहिजे. वयनी हे कधी बोलून दाखवत नसे. तिचे हात ते करत. मी एकदा म्हटलं, की निदान अर्धे तरी चांगले तुम्ही ठेवा, तर हसून म्हणाली की पडीचो आंबो जास्त गोड लागता, तुमका काय कळता.

फाल्गुनात तिला चक्कर आली. ती दाखवायला सावंतवाडीलाच गेली, लग्नाआधीपासूनचा डॉक्टर म्हणून. प्रेशर खूप वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ तोडायला सांगितलं. लोणचं बंद, सुकी मासळी बंद, पेज अळणी. वयनीने सगळं त्या दिवसापासून बंद केलं. तळलेला बांगडा दादाच्या ताटात वाढायची आणि स्वतः अळणी पेज आणि वाफवलेली भाजी घेऊन बसायची, असं दादा सांगायचा. पुढच्या खेपेला प्रेशर तेवढंच. त्याच्या पुढच्या खेपेला जास्त. डॉक्टर चिडले. म्हणाले, तुम्ही चोरून मीठ खाता. गोळीचा डोस वाढवला.

त्या रविवारी मी तिला ह्यावरून छेडलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मी मीठ खावक नाय, भावजीनू." मी मान हलवली. घरोघरच्या बायका पथ्याच्या बाबतीत काय करतात हे मला ठाऊक असल्याच्या थाटात. पण बसमध्ये बसल्यावर मला पहिल्यांदा पाण्याची आठवण झाली. माझ्या मनात आलं, एकदा बघायला काय हरकत आहे. उशिरा का होईना, ते मनात आलं होतं, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगून बघितलं आहे. त्याने काही हलकं वाटत नाही.

दादा कुठल्याशा दाखल्यासाठी ओरोसला आला होता. त्याच्याकडे मी एक स्वच्छ बाटली दिली आणि सांगितलं, बावीतलं पाणी भरून आण, वयनीला सांग. त्याने आठवड्याने बाटली आणून दिली. तिच्यावरचा कागद मीच लिहिला होता, विहीर, राहते घर. पाणी मीच तपासलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मिठाची तपासणी दिसायला फार सुंदर असते. पाण्यात पिवळ्या रंगाचे दोन थेंब टाकायचे, सगळं पाणी हळदीच्या पाण्यासारखं होतं. मग नळीतून चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पाण्यात मीठ असेतो चांदी त्याच्याशी जोडी जमवत जाते, पांढरा गढूळपणा येतो. मीठ संपलं की एका थेंबासरशी सगळं विटकरी होतं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी खारं. त्या दिवशी मी नळीखाली चंबू धरून उभा होतो आणि पाच-सात थेंबांतच रंग फिरला. मी दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच. खाडीपासून हाकेच्या अंतरावरची विहीर आणि असं डोंगरातल्या झऱ्यासारखं पाणी, ह्याचा मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला. आमच्या बावीचा अभिमान वाटला. अहवालावर 'पिण्यास योग्य' असं लिहून मी सही केली.

आणि फोन केला. आमच्या भागातल्या माणसांची एक खोड आहे. प्रेम करतो, भांडतो, रडतो ते मालवणीत. पण रागाला तोल हवा असला, समोरच्याला दूर ढकलायचं असलं, की आम्ही कचेरीच्या मराठीत शिरतो. मी म्हणालो, "वहिनी, पाणी उत्तम आहे. मी स्वतः तपासलं आहे. तेव्हा आता खोटं बोलू नका." वयनी नाही, वहिनी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मग ती "बरा" म्हणाली. आणि विचारलं, आता कधी येतल्यात?

मृगाच्या तोंडावर तिची उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, आठ दिवसांनी घरी सोडलं. तिची मुलगी लग्न होऊन गोव्यात, तिचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, म्हणून रजा काढून मी जाऊन राहिलो. लहानपणानंतर पहिल्यांदा मी त्या घरात पाहुणा नव्हतो. पायरीवर गूळ-पाणी घेऊन येणारी माजघरात खाटेवर पडलेली होती. पहिल्या सकाळी चुलीवर पेज दादाने ठेवली. डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून मिठाचा कण घातला नव्हता, बरणी फडताळात वरच होती. मी वयनीला चमच्याने पेज भरवली आणि मग तीच पेज वाडग्यात घेऊन ओट्यावर बसलो.

पहिला घोट घेतला. पेज खारट होती.

मी दादाला हाक मारून विचारलं, मीठ घातलंस? तो म्हणाला, नाय. त्याची जीभ तंबाखूने केव्हाच निकामी झालेली, त्याला कशाचीच चव लागत नव्हती. मी आत गेलो. मोठ्या मडक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात धरलं. मग पितळी झाकण काढून लहान मडकं बघितलं. ते कोरडं होतं. तळाला चिखलाची एक पातळ साय वाळून तडकली होती. मी दादाला आत बोलावलं आणि त्या दोन मडक्यांकडे बोट दाखवून विचारलं, ही दोन कशाला?

दादाने सांगितलं ते असं. संक्रांतीच्या सुमाराला पाणी जरा वायट लागायला लागलं तेव्हापासून वयनी, मी यायचो त्याच्या आदल्या दिवशी, कळशी घेऊन वर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, देवळाच्या बावीवर जायची. जांभ्या दगडाची ती चढण मला दम लावते. आणि तिचं प्रेशर तेव्हा चढत चाललं होतं. ते पाणी लहान मडक्यात. त्यातच माझं गूळ-पाणी, माझा चहा, माझी पेज. घरच्या दोघांसाठी रोज कुठे चढायचं, म्हणून त्यांना मोठं मडकं. आणि माझी बाटली? दादाने ती तिच्या हातात दिली, आणि ती बाटली घेऊन चढण चढली.

वयनीशी बोलायला मला दोन दिवस लागले. तिची जीभ जड झालेली, शब्द अर्धे तुटून यायचे. मी मालवणीत विचारलं, वयनी, बाटलेत देवळाचा पाणी कित्याक भरल्यात? तिला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. डावा हात उचलून ती थांबत थांबत म्हणाली, "ओरोसाक तुमका मान आसा. वायट पाणी कसा धाडू?"

मी तिला विचारलं, पण पाणी खारं लागत होतं ना? जरा लागायचं, पाऊस पडल्यावर जाईल असं वाटलं, अशा अर्थाचं ती काहीतरी बोलली. मग मला हळूहळू उमगलं. तिच्या लेखी मीठ म्हणजे बरणीतलं, हाताने घालतात ते. पाणी खारं असतं, मिठाचं नसतं. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं, तिने तोडलं. पाण्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. जिभेला एका एका थेंबाने सवय होत गेली आणि पेजेत मीठ घालायची गरजच उरली नाही, तेव्हा तिला उलट वाटलं असेल की पथ्य अंगवळणी पडलं. आमच्या भाषेत गोडं आहे, मचूळ आहे, खारं आहे. पण गोड्याचं मचूळ कधी झालं हे सांगणारा शब्द नाही. तो दिवस कुणाच्या लक्षात राहत नाही.

मी रासायनिक भाषेत जे सिद्ध केलं होतं ते एवढंच, की माझी वयनी खोटारडी आहे. सहीनिशी.

पाण्यातल्या मिठामुळेच तिचं हे झालं असं कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही. तिच्या आईलाही प्रेशर होतं. वय होतं. मी हे सगळं जाणतो, आणि कुणी मला समजावायला लागलं तर मान डोलावतो. पण मला तिचं आजारपण तितकं छळत नाही, जितकं ते 'बरा' छळतं. ती भांडली असती तर? मी मीठ खाल्लं नाही, तुम्हीच काय ते बघा, असं म्हणाली असती तर? ज्याला दहाव्या वर्षापासून 'तुमी' म्हटलं त्याच्याशी ती भांडली नाही. तिने कदाचित स्वतःवरच संशय घेतला असेल. भावजी शिकलेले आहेत, कागदावर आलं आहे, म्हणजे मीच कुठेतरी चुकून मीठ खात असेन. ह्या विचारापाशी मी आलो की मला बसल्या जागी बसवत नाही.

म्हणायचं होतं ते मी म्हणालो नाही. त्या दिवशी तिच्या खाटेशी बसून शब्द ओठांवर आले होते, वयनी, तुमी खोटा बोलूक नाय, माझी चूक झाली. तिने माझा हात हातात घेतला, बोटं उलटी करून बघितली. चांदीच्या त्या द्रावणाचे डाग बोटांना पडतात, आधी दिसत नाहीत, उजेड लागला की काळे होतात आणि कितीही दिवस धुतले तरी जात नाहीत. "हातांका काय लागला?" तिने विचारलं. मी म्हटलं, काय नाय, निजा तुमी. पंपाची नळी मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली, देवळाच्या बावीवरून पाणी आणायला गडी लावला. श्रावणात ती गेली. तेव्हा बावीत काठोकाठ पावसाचं पाणी होतं, गोडं.

आजही चैत्रात टेबलावर बाटल्या जमायला लागल्या की मला वाटतं, ह्यातल्या कितीतरी बाटल्या कुठल्यातरी चढणीवरून आल्या असतील. सगळ्या जिल्ह्याने आपलं चांगलं पाणी निवडून, पेंढ्यात घातल्यासारखं जपून माझ्याकडे धाडलं असेल, आणि वायट घरी ठेवलं असेल. कागदावर सगळा किनारा गोडा निघेल. बोटांचे डाग मी आता पुसायच्या भानगडीत पडत नाही.

ह्या वर्षी तसंच झालं. खाडीपलीकडच्या एका वाडीतून एक बाई बाटली ठेवून गेली. सात थेंबांत रंग फिरला. मी नळी बंद केली, चंबू खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्ता काढत तिच्या घरी गेलो. माडांची रांग, बंधारा, खाडी. पोफळींची टोकं करपलेली. मी कुठून आलो ते सांगितल्यावर ती बिचारी गडबडली, खुर्ची पुसली, आत धावली. दारातून मला माजघराचा कोपरा दिसत होता. तिथे एक मोठं मडकं होतं आणि त्याच्या शेजारी एक लहान. ती लहान मडक्याशी वाकली, एका हातात गुळाची वाटी.

"गूळ नको," मी म्हणालो. "आणि त्या मडक्यातला नको. तुमी पितात तां द्या."

ती तशीच वाकलेली थांबली. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. पाहुण्याला असलं पाणी द्यायचं तिच्या जिवावर आलेलं मला दिसत होतं, पण मी हात पुढे करून उभा राहिलो. शेवटी तिने मोठ्या मडक्यातून गडू भरला आणि दिला. मी जरा वेळ तोंडात धरलं, गिळलं, आणि पुरा गडू प्यालो. अळणी पेजेची ती चव मी कुठेही ओळखेन.

पदर सारखा करत ती अपराध्यासारखी म्हणाली, की सासूबाईंना डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे, आणि बरंच आहे एका अर्थी, "हल्ली पेजेत मीठ घालूचाच लागणा नाय." मग माझ्या रिकाम्या गडूकडे बघत विचारलं, "खारा आसा मां?"

"आसा, वयनी," मी म्हणालो. "मीठ तुमी घालूक नाय. तां पाण्यात आसा."

अनोळखी बाईला वयनी म्हणणं आमच्याकडे काही नवलाचं नाही. तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. ती पुन्हा मोठ्या मडक्याकडे गेली, आणि मी पिशवीतून रिकामी बाटली काढून तिच्यापुढे धरली.